आईच्या पायाची तपासणी आणि मनगटावर सापडलेला दुसरा आजार

माझ्या आईच्या डाव्या पायावर मे २०२५ मध्ये अँजिओप्लास्टी झाली आणि जुलैअखेरीस अंगठ्याची जखम पूर्ण भरून आली. या काळात आम्ही पायाच्या रक्तवाहिन्यांसाठी एका डॉक्टरांकडे, हृदयाच्या ठोक्यांसाठी दुसऱ्यांकडे आणि मधुमेहासाठी तिसऱ्यांकडे जात होतो. तिघांच्याही केसपेपरवर एकच शब्द वेगवेगळ्या निमित्ताने येत राहिला, तो म्हणजे पक्षाघात. पाय दुखणाऱ्या बाईला पक्षाघाताबद्दल का विचारतात, हे सुरुवातीला आम्हांला कोणालाच कळत नव्हते. मी कराडमध्ये एका पतसंस्थेत नोकरी करते आणि वैद्यकीय शिक्षणाशी माझा संबंध नाही. जे लिहीत आहे ते डॉक्टरांना विचारून, समजून घेऊन आणि कागदपत्रे समोर ठेवून लिहीत आहे. औषधांची नावे आणि डोस आईचे आहेत, ते कोणी परस्पर स्वतःला लागू करू नयेत.

आई पाटण तालुक्यात गावी राहते. तिचे वय आधारकार्डानुसार ७२, वजन ४६ किलो, मधुमेह चौदा-पंधरा वर्षांचा, रक्तदाबाची गोळी चालू आणि लग्नाआधीपासून मिश्रीची सवय. ऑक्टोबर २०२४ च्या नवरात्रात देवीच्या टेकडीवर चढताना तिच्या डाव्या पोटरीत गोळा येऊ लागला. "जरा उभी ऱ्हाते, मग जातंय," असे ती म्हणायची आणि खरोखरच दोन-तीन मिनिटे उभी राहिली की पुन्हा चालू लागायची. घरात कोणी वात म्हटले, कोणी शीर आखडली म्हटले. दिवाळीनंतर एका हाडांच्या डॉक्टरांकडे कंबरेचा एक्स-रे झाला, मणक्यांत झीज दिसली (या वयात कोणाच्या दिसत नाही?) आणि पट्टा, तेल व वेदनाशामक गोळ्या घेऊन आम्ही परतलो. तिथे पायाला कोणी हात लावला नव्हता.

२१ जानेवारी २०२५ रोजी साखरेच्या नेहमीच्या तपासणीसाठी आम्ही कराडच्या फिजिशियनांकडे गेलो, तेव्हा मी पायाचा विषय काढला. त्यांनी आईला एकच प्रश्न विचारला: "आजी, गोळा आला की नुसतं उभं राहून थांबतो, की बसावं किंवा पुढं वाकावं लागतं?" मणक्यातली नस दबली असेल तर माणसाला बसल्याशिवाय किंवा वाकल्याशिवाय आराम पडत नाही, रक्तपुरवठा कमी असेल तर स्नायूचे काम थांबणे पुरेसे असते, मग माणूस उभा का असेना. त्यानंतर त्यांनी आईचे मोजे काढायला लावले, दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला बोटे ठेवली आणि डाव्या पावलावर बराच वेळ बोटे तशीच ठेवून मान हलवली. तिथे नाडी लागत नव्हती. डावे पाऊल थोडे गार होते आणि नडगीवरची लव गेलेली होती, हे त्यांनी दाखवल्यावर आम्हांला दिसले.

मग त्यांनी मनगट धरले आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ठोके नुसते जलद नव्हते, तर दोन ठोक्यांमधले अंतर प्रत्येक वेळी वेगळे होते. लगेच ईसीजी काढला (२५० रुपये). त्या पट्टीवर ठोके मिनिटाला ११८ होते आणि निदान लिहिले होते, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार. आईला धडधड, चक्कर, छातीत दुखणे यांपैकी काहीही होत नव्हते. डॉक्टर म्हणाले की हा आजार अनेकांना काहीच जाणवू देत नाही आणि पुष्कळदा तो पहिल्यांदा सापडतो तो पक्षाघात होऊन माणूस दवाखान्यात आल्यावर. पायाच्या धमन्यांचा विकार असलेल्यांत तो बऱ्याच वेळा आढळतो, कारण दोन्हींची मुळे बरीचशी सारखीच आहेत: वाढते वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखू. म्हणूनच पायाला नाडी लागली नाही की ते मनगटाची नाडी घाईने मोजत नाहीत.

त्याच दिवशी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढण्याची तपासणी झाली. तिला एबीआय म्हणतात. आईला दहा मिनिटे उताणे झोपवून ठेवले, दंडावर आणि घोट्याच्या वर पट्टा बांधला आणि जेली लावून पेन्सिलीएवढ्या डॉपलर यंत्राने नाडीचा आवाज ऐकत दाब मोजला. उजव्या घोट्याचा आवाज जोरदार येत होता. डावीकडे तो सापडायलाच वेळ लागला आणि सापडला तेव्हा मंद, घासल्यासारखा होता. ठोके अनियमित असल्याने प्रत्येक ठोक्याचा दाब थोडा वेगळा येतो, म्हणून सिस्टरांनी प्रत्येक ठिकाणी तीन वेळा मोजून सरासरी घेतली. (घरी स्वयंचलित यंत्राने रक्तदाब मोजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, या आजारात एकाच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.) दंडाचा दाब १४८, उजव्या घोट्याचा १४० आणि डाव्याचा ८६ आला. म्हणजे उजवीकडे ०.९५ आणि डावीकडे ०.५८. ०.९० किंवा त्याहून कमी आकडा आला की पायाच्या धमन्यांचा विकार आहे असे धरतात. मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक होतात आणि आकडा खोटा चांगला येऊ शकतो, त्यामुळे १.४० च्या वरचा आकडाही निरोगीपणाचा नसतो, हे मला तेव्हा कळले.

पुढच्या आठवड्यात तपासण्यांचीच रांग होती. दोन्ही पायांचा कलर डॉपलर ३,२०० रुपयांना झाला. डाव्या मांडीतली मुख्य धमनी बऱ्याच लांबीपर्यंत बंद होती आणि गुडघ्याखाली रक्त आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून वळसा घेऊन पोहोचत होते. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) १,८०० रुपयांना आणि मानेच्या धमन्यांचा डॉपलर २,००० रुपयांना झाला. रक्ताच्या तपासण्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२, हिमोग्लोबिन १०.८ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) ०.९ आले. थायरॉइडचीही तपासणी केली, कारण थायरॉइड वाढल्यानेही ठोके असे बिघडू शकतात; ते ठीक होते. एक सूचना करावीशी वाटते: डॉपलरचा नुसता छापील अहवाल घेऊन बाहेर पडू नका, फिल्म किंवा सीडी मागून घ्या. पुढे सरकारी आरोग्य योजनेच्या मंजुरीच्या वेळी ती लागतेच.

२८ जानेवारीला हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. माझा पहिला प्रश्न होता की हृदयातली गुठळी सुटून पायात अडकली आहे का. त्यांनी तो प्रश्न योग्य असल्याचे सांगितले आणि सविस्तर उत्तर दिले. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते. तिथले रक्त, विहिरीच्या कोपऱ्यात पाणी हलत नाही तसे, साचून राहते आणि त्यात गुठळी धरते. ती सुटली की महाधमनीत येते, आणि तिथून मेंदूकडे गेली तर पक्षाघात, पायाकडे गेली तर पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर पडतो. अशा वेळी पाय वाचवायला काही तासच हातात असतात. आईचे दुखणे मात्र महिनोन्‌महिने हळूहळू वाढलेले, डॉपलरमध्ये धमनीच्या भिंतीत कॅल्शियम आणि वळशाच्या वाहिन्या वाढलेल्या, म्हणजे तिच्या पायातला अडथळा चरबीचे थर साचून तयार झालेला होता. वळशाच्या वाहिन्या एका रात्रीत वाढत नाहीत. थोडक्यात तिच्या पायाने अजून हृदयाचा त्रास भोगलेला नव्हता. पण उद्या हृदयातून गुठळी सुटली तर आधीच अरुंद झालेल्या त्या पायाला ती झेपणार नव्हती.

दुसरा भाग त्यांनी कागदावर बेरीज करून दाखवला. एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो, पण सगळ्यांना सारखा नसतो. तो ठरवण्यासाठी चाड्स-वास्क नावाची गुणपद्धती वापरतात. हृदय अशक्त असेल तर १, रक्तदाब १, मधुमेह १, वय ६५ ते ७४ असेल तर १ आणि ७५ पासून पुढे २, पूर्वी पक्षाघात झाला असेल तर २, स्त्री असेल तर १, आणि रक्तवाहिन्यांचा विकार असेल तर १. हा शेवटचा गुण २०१० साली ही सुधारित पद्धती आली तेव्हा जोडला गेला. त्याआधीच्या पद्धतीत तो नव्हता. त्यात पूर्वीचा हृदयविकाराचा झटका आणि महाधमनीतले थर यांच्याबरोबर पायाच्या धमन्यांचा विकारही मोजतात. आईचे गुण ५ झाले. युरोपातल्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्त्री असण्याचा गुण वगळला आहे, त्या हिशेबाने ४. दोन्ही पद्धतींत निर्णय एकच होता: रक्त पातळ ठेवणारी गोळी कायमची. पोटरीतल्या गोळ्याचा पक्षाघाताशी लागणारा हिशेब मला पहिल्यांदा कळला तो त्या कागदावर.

मानेच्या धमन्या का तपासल्या, तेही तेव्हाच समजले. पायाच्या धमनीत जे थर साचतात तेच मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांत साचू शकतात, आणि तिथून तुकडा सुटला तरी पक्षाघात होतो. म्हणजे आईच्या बाबतीत मेंदूपर्यंत जाणाऱ्या वाटा दोन होत्या, एक हृदयातल्या गुठळीची आणि दुसरी मानेतल्या थरांची. रक्त पातळ करणारी गोळी प्रामुख्याने पहिली वाट अडवते. दुसरीसाठी कोलेस्टेरॉलची गोळी, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांच्याकडेच बघावे लागते. मानेत थर होते, पण अडथळा ५० टक्क्यांहून कमी होता, त्यामुळे शस्त्रक्रियेचा प्रश्न आला नाही. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम सुरू झाली आणि एलडीएल ५५ च्या खाली आणायचे ठरले.

रक्त पातळ करणारी कोणती गोळी द्यायची, हे ठरवताना इको महत्त्वाचा ठरला. आपल्याकडे लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण अजूनही बरेच आहेत. मायट्रल झडप तशी अरुंद असेल तर नव्या गोळ्या चालत नाहीत, जुनीच गोळी (वॉरफरिन) घेऊन दर काही आठवड्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले आहे, ते तपासावे लागते. आईची झडप चांगली होती, डावा वरचा कप्पा तेवढा वाढलेला होता. म्हणून नव्यांपैकी अ‍ॅपिक्सॅबॅन ही गोळी ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिली. औषध घेताना दुकानदाराने आईकडे बघून "एवढ्या बारीक बाईला अडीचची पुरे" असे सुचवले. मी फोन करून विचारले. डोस अर्धा करायला तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त. आईमध्ये वजनाची एकच होती. आपल्या भागात पन्नाशीच्या आतले वजन असलेल्या म्हाताऱ्या बायका घरोघरी आहेत. नुसत्या वजनावरून डोस अर्धा केला तर रक्तस्राव कमी होईल असे वाटते, पण पक्षाघातापासूनचे संरक्षणही अपुरे पडते, असे डॉक्टरांनी स्पष्ट केले. गोळीची किंमत मात्र दोन-तीन दुकानांत विचारून घ्यावी. एकाच घटकाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांत आम्हांला दुपटीहून अधिक फरक आढळला आणि ही गोळी वर्षानुवर्षे घ्यायची आहे.

या गोळीचा परिणाम बारा तासांतच ओसरू लागतो, म्हणून वेळ चुकवून चालत नाही. आई घड्याळ फारसे बघत नाही. पण सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसहाला ती डेअरीवर दूध घालायला जाते, ते गेल्या वीस वर्षांत चुकलेले नाही. दुधाच्या किटलीच्या कडीला गोळ्यांची लहान पिशवी बांधली आणि डेअरीवर निघण्याआधी गोळी असा नियम केला. पाकिटाच्या मागे वार छापलेले होते, त्यामुळे घेतली की नाही हे मला फोनवरही विचारता येत होते.

१२ फेब्रुवारीला पुण्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जनांकडे गेलो. कराड–पुणे एसटीत बायकांना निम्मे तिकीट असल्याने प्रवासाचा भार फारसा पडला नाही. खरा खर्च दिवसभराच्या रजेचा. तिथे डॉपलर बघून सहायक डॉक्टरांनी चालण्याचे अंतर वाढावे म्हणून सिलोस्टॅझॉल आणि त्याबरोबर अ‍ॅस्पिरिन लिहून दिली. चिठ्ठीवर ईसीजीचा उल्लेख नव्हता. परत आल्यावर ती चिठ्ठी मी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवली आणि त्यांनी दोन्ही औषधांवर काट मारली. सिलोस्टॅझॉल पायाच्या रक्तवाहिन्या रुंद करते, पण त्याबरोबर हृदयाचे ठोकेही वाढवते. हृदय अशक्त असलेल्यांना ती मुळीच देत नाहीत आणि जलद, अनियमित ठोके असलेल्यांत टाळतात. आईचे ठोके आवरण्यासाठी तर मेटोप्रोलॉल नुकतीच सुरू केलेली होती. म्हणजे एक गोळी ठोके खाली ओढणार आणि दुसरी वर. अ‍ॅस्पिरिनबद्दल त्यांचे म्हणणे असे की स्थिर अवस्थेत असताना रक्त पातळ करणारी गोळी एकटीच पुरेशी असते, दोन्ही एकत्र घेतल्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि त्या मानाने फायदा फारसा वाढत नाही.

औषध कंपनीत काम करणाऱ्या माझ्या मावसभावाने आणखी एक पर्याय सुचवला होता: पायाच्या धमन्यांसाठी रिव्हॅरोक्सॅबॅन (रक्त पातळ करणारीच दुसरी गोळी) अडीच मिलिग्रॅम दोनदा आणि बरोबर अ‍ॅस्पिरिन. तोही मी विचारला. ही पद्धत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉम्पास नावाच्या मोठ्या अभ्यासातून पुढे आली. पण ज्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा पूर्ण डोस लागतो असे रुग्ण त्या अभ्यासात घेतलेलेच नव्हते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये एवढा लहान डोस पक्षाघात रोखायला पुरत नाही. औषध तेच, पण पायासाठीचा डोस वेगळा आणि ठोक्यांसाठीचा वेगळा. ज्याला दोन्ही आजार आहेत त्याला मोठा डोस लागतो. मेटोप्रोलॉलने पायाचा रक्तपुरवठा कमी होतो, असे एका शेजाऱ्यांनी सांगितले होते. ती जुनी भीती आहे, साध्या चालण्याच्या त्रासात तसे दिसून आलेले नाही, असे उत्तर मिळाले.

त्या दिवसापासून मी एक पद्धत ठरवली. कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना फाइलच्या पहिल्या पानावर आजारांची नावे, चालू औषधे, ईसीजीची झेरॉक्स आणि शेवटचे क्रिएटिनिन असा एकच कागद लावायचा, आणि नवे औषध लिहिले की "हे त्या गोळीबरोबर चालेल का?" हे तिथेच विचारायचे. (ईसीजीची मूळ पट्टी काही महिन्यांत पुसट होते, झेरॉक्स लगेच काढावी.) शिवाय हृदयरोगतज्ज्ञांकडून सर्जनांच्या नावे चार ओळींचे पत्र मागून घेतले. पुढच्या भेटीत सर्जनांनी ते स्वतः वाचले, कराडला फोन लावला आणि आमच्यासमोर दोन मिनिटांत औषधांची यादी एक झाली. माझ्या मते या सगळ्या महिन्यांतला सर्वांत उपयोगी कागद तो होता.

अँजिओप्लास्टी तेव्हा लगेच करायची नव्हती. जखम नसेल आणि पाय फक्त चालताना दुखत असेल तर आधी तीन महिने चालण्याचा व्यायाम करून बघतात. तो असा: गोळा येईपर्यंत चालायचे, बऱ्यापैकी दुखू लागेपर्यंत थांबायचे नाही, मग उभे राहायचे, दुखणे गेले की पुन्हा चालायचे, असे अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस. आई मंदिराच्या आवारात फेऱ्या मारू लागली. "दुखतंय त्येच करायचं, ह्यो कसला उपाय," हा तिचा शेरा बरेच दिवस ऐकला, पण मार्चअखेरीस ती पहिल्यापेक्षा बरीच लांब जाऊन थांबू लागली. मिश्री सोडवणे यापेक्षा अवघड गेले. मिश्री ओढत नाहीत, दाताला लावतात, त्यामुळे ती तंबाखूत मोजायची असते हेच तिला पटत नव्हते. तंबाखूच्या पुडीवर छापलेल्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर आम्ही फोन केला, तिथल्या बाईंनी तिच्याशी शांतपणे बोलून दिवसातल्या वेळा एकेक करून कमी करायला सांगितले. पहाटेची वेळ शेवटपर्यंत टिकली आणि एप्रिलमध्ये तीही गेली.

याच काळात आयुष्मान वय वंदना कार्ड काढले. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देणारी ही सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली आहे. वय आधारकार्डावरचेच धरतात. आमचे घोडे अडले ते ओळख पटवण्यात: शेतकामाने आईच्या बोटांचे ठसे झिजलेले आणि आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक कधीच बंद पडलेला. आधार केंद्रावर ५० रुपये भरून क्रमांक बदलला, तो लागू व्हायला काही दिवस गेले, मग ओटीपीवर काम झाले. ज्यांच्या घरी वयस्कर माणूस आहे त्यांनी हे काम कोणी आजारी पडण्याआधीच उरकून ठेवावे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चपलेचा पट्टा घासून डाव्या अंगठ्याला ज्वारीच्या दाण्याएवढी जखम झाली. एरवी आठवड्यात भरली असती, ती तीन आठवड्यांनंतरही तशीच राहिली आणि कडा काळपट होऊ लागल्या. आता प्रश्न चालण्याचा नव्हता, पाय टिकवण्याचा होता. अंगठ्याचा रक्तदाब मोजला तो ३४ आला. एवढ्या कमी दाबात जखम भरणे अवघड, असे सर्जन म्हणाले. २८ एप्रिलला सीटी अँजिओग्राफी केली, ९,५०० रुपये. त्यातल्या डायचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी क्रिएटिनिन तपासले आणि साखरेची मेटफॉर्मिन काही काळ थांबवली. ही रक्कम परत मिळाली नाही, कारण योजनेत भरती होण्याआधीच्या तीन दिवसांतलाच खर्च धरतात. ज्यांना शक्य असेल त्यांनी मोठी तपासणी भरतीला जोडून होईल का, हे आधी विचारून घ्यावे.

१२ मे रोजी रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांनी (योजनेचे काम बघणाऱ्यांनी) मंजुरीसाठी कागद पाठवले. दोन दिवसांनी शेरा आला की जखमेचा फोटो आणि डॉपलरची फिल्म जोडा. फिल्म जवळ होती, फोटो तिथेच काढला, त्यावर आईचे नाव व तारीख लिहिलेला कागद ठेवला. १६ तारखेला मंजुरी आली. मधल्या काळात एका तपासणीचे पैसे आमच्याकडे मागितले गेले. ती पॅकेजमध्ये आहे का, असे आरोग्यमित्रांना लेखी विचारल्यावर मागणी मागे घेतली गेली. भांडावे लागले नाही, नुसते लेखी विचारावे लागले.

मला सर्वांत जास्त भीती वाटली ती शस्त्रक्रियेची नव्हे, तर तिच्या आधी रक्त पातळ करणारी गोळी बंद ठेवण्याच्या दिवसांची. १७ मेच्या संध्याकाळची गोळी शेवटची होती आणि प्रक्रिया २० मेच्या सकाळी. त्या दोन दिवसांत मी आईशी मुद्दाम बोलत राही आणि तिचे तोंड वाकडे होत नाही ना, हे बघत राही. बदली म्हणून हेपॅरिनची इंजेक्शने का देत नाहीत, असेही विचारले. या गोळीचा परिणाम लवकर ओसरतो आणि लवकर सुरू होतो, त्यामुळे मधली पोकळी लहान असते आणि इंजेक्शनांनी उलट रक्तस्राव वाढतो, असे सांगण्यात आले.

अँजिओप्लास्टी उजव्या जांघेतून सुई घालून, फक्त ती जागा बधिर करून झाली. बंद भागातून तार पलीकडे नेली, फुग्याने धमनी उघडली आणि एका ठिकाणी स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला. आई जागी होती. पाऊल तासाभरात कोमट लागू लागले. २१ तारखेच्या संध्याकाळी अ‍ॅपिक्सॅबॅन पुन्हा सुरू झाली आणि स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून एक महिना क्लोपिडोग्रेल जोडली. त्या महिन्यात दोन औषधे एकत्र असल्याने काळी शौच, लघवीत रक्त, हिरड्यांतून न थांबणारे रक्त यांवर लक्ष ठेवायचे होते. हिरड्यांतून थोडे आले, पण थांबले. योजनेबाहेरचा आमचा खर्च, सुरुवातीच्या तपासण्या, सीटी, औषधे, प्रवास आणि पुण्यातले राहणे धरून, ३१ हजारांच्या आसपास गेला.

घरी सोडताना सिस्टरांनी सांगितलेल्या गोष्टी मी मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात चिकटवल्या, कारण घरात असते ती माझी वहिनी आणि प्रसंग आला तर तिलाच निर्णय घ्यायचा आहे. तोंड एका बाजूला ओढले गेले, एक हात वर धरता येईना किंवा बोलणे अडखळले तर १०८ ला फोन करायचा, पाणी किंवा गोळी तोंडात घालायची नाही आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवायचे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. रक्त पातळ करणारी शेवटची गोळी किती वाजता घेतली हेही सांगायचे, कारण ती नुकतीच घेतली असेल तर बहुधा ते इंजेक्शन देत नाहीत. नळीने गुठळी काढण्याचा मार्ग मात्र तरीही खुला असू शकतो, म्हणून ती सोय असलेल्या रुग्णालयातच न्यायचे. आणि पाय एकाएकी गार, पांढरा, बधिर पडला तर सकाळची वाट बघायची नाही, चोळायचे नाही, शेक तर अजिबात द्यायचा नाही. वहिनीने त्याखाली स्वतःहून जवळच्या गाडीवाल्याचा नंबर लिहिला.

२५ जूनला पुन्हा एबीआय झाला. दंडाचा दाब १४४, डाव्या घोट्याचा १२८, म्हणजे ०.८९. क्लोपिडोग्रेल बंद झाली. एलडीएल ६८ वर आले, ते ५५ च्या खाली जावे म्हणून इझेटिमाइब जोडली. ठोके अजून अनियमितच आहेत, पण मिनिटाला ८० च्या आसपास राहतात. या वयात आणि वाढलेल्या कप्प्यात ते पुन्हा तालावर आणण्याचा आग्रह धरलेला नाही. क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन दर सहा महिन्यांनी तपासायचे आहेत, डाव्या पायाचा डॉपलर डिसेंबरमध्ये, आणि उजव्या पायावर लक्ष ठेवायचे आहे.

सध्या मिश्रीने खराब झालेला एक दात काढायचा आहे. रक्त पातळ करणारी गोळी आहे म्हटल्यावर एका ठिकाणी "आठ दिवस बंद करून या" असे सांगितले गेले. हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी कळवले की एकच दात असेल तर गोळी बंद करण्याची गरज नाही. दात सकाळी काढावा, म्हणजे रक्त आले तर दिवसभर दवाखाना उघडा असतो, आणि दंतवैद्यांना टाका व औषधी कापूस तयार ठेवायला सांगावे. ते पत्र फाइलमध्ये पहिल्या पानामागे लावले आहे आणि दुसऱ्या दंतवैद्यांची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे.